तिसऱ्या कडव्यातली खरखर

मंगलाष्टका बिघडू शकतात हे मला वयाच्या चौपन्नाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. लग्नात नवरदेव बिघडतो, जेवण बिघडतं, मुलाकडचे मामा तर घरूनच बिघडून येतात. पण मंगलाष्टका? आमच्या बिघडल्या. लग्नाला अठरा दिवस उरले असताना मी पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला, सोफ्यावर मांडी घालून बसलो, आणि टीव्हीतून तापल्या तव्यावर पाणी मारल्यासारखा आवाज यायला लागला. त्या चर्र-चर्रमध्ये अधूनमधून माझ्या बायकोचा आवाज वर यायचा आणि परत बुडायचा.

बायको शेजारीच उभी होती. तिने हातातला पोळपाट खाली ठेवला आणि आत निघून गेली.

हे नीट सांगायला हवं. विजयश्री, म्हणजे माझी बायको, मंगलाष्टका म्हणायची. धंदा म्हणून नव्हे, हौस. पण सांगवीपासून चिखलीपर्यंत ओळखीत कुठे लग्न ठरलं की लोक हॉलच्या आधी हिची तारीख घ्यायचे. मुलीच्या आईला चार गोष्टी विचारायची आणि स्वतः कडवी रचायची. भटजी घड्याळाकडे बघत उभे, आणि ही शेवटचं 'सावधान' असं काही आणून ठेवायची की मुहूर्ताचं मिनिट चुकत नसे. मग मागच्या वर्षी गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाठ काढावीच लागेल, पण आवाजाची नस तिला चिकटलेली आहे, तेव्हा आवाजाचं आम्ही काही सांगू शकत नाही.

ऑपरेशनच्या आधीच्या गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, ती म्हणाली, "मला राजगुरुनगरला सोडा. तिथे एक स्टुडिओ आहे. दिव्याच्या मंगलाष्टका म्हणून ठेवते."

दिव्या आमची एकुलती एक मुलगी. तेव्हा तिच्या लग्नाचा विषयसुद्धा घरात नव्हता. मी म्हणालो, "अगं, नवरदेवाचा पत्ता नाही आणि मंगलाष्टका तयार? स्थळ तरी येऊ दे."

"स्थळ थांबेल," ती म्हणाली, "गळा थांबायचा नाही."

नवरदेवाचं नाव घालता येईना, म्हणून तिने नुसतं 'वर' ठेवलं. कुठलाही बसेल असा. मी तिला सोडलं, गाडी नो पार्किंगमध्ये होती म्हणून गाडीतच बसून राहिलो, आणि दीड तासाने ती पेन ड्राइव्ह मुठीत घेऊन आली. पुढच्या आठवड्यात गाठ गेली. आवाजही गेला. आता ती बोलते ती नुसती हवा. दोन हातांपलीकडे ऐकू जात नाही. स्पीच थेरपी झाली, ज्येष्ठमध झालं, गरम पाण्याच्या गुळण्या अजून चालू आहेत. तेव्हा त्या पेन ड्राइव्हमध्ये नुसती पाच कडवी नव्हती. विजयश्रीचा गाता आवाज जगात तेवढाच उरला होता, आणि तो माझ्या टीव्हीत तळला जात होता.

दिव्या म्हणाली, "पप्पा, कुणातरी जाणकाराकडे देऊ या."

माझा अपमान झाला. मी चाकणला गिअरबॉक्सच्या कंपनीत सव्वीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला आहे. माझ्या सहीशिवाय गिअरबॉक्स गेटच्या बाहेर पाऊल टाकत नाही. जपानहून आलेल्या साहेबाने एकदा माझ्या पाठीवर थाप मारली होती (त्याला वाटलं मी ड्रायव्हर आहे, पण थाप ती थाप). अशा माणसाने घरातला एक डिफेक्ट बाहेर दुरुस्तीला द्यायचा? मी म्हणालो, "आधी मी बघतो."

मी बघतो म्हटल्यावर सगळी बिल्डिंग बघायला आली. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये सयाजीभाऊ राहतात. मूळचे सांगवीचे, बिल्डिंग ज्या जमिनीवर आहे ती एकेकाळी त्यांच्या वडिलांची. त्यामुळे बिल्डिंगमधल्या कुठल्याही गोष्टीवर पहिलं मत त्यांचं.

"ज्योतीरामभाऊ, तांदळात ठेवा."

"काय?"

"त्यो पेन ड्राइव्ह. माझा मोबाइल हौदात पडला व्हता, तीन दिवस इंद्रायणी तांदळात ठेवला, खडखडीत झाला."

"भाऊ, हा भिजलेला नाही."

"तुमाला काय म्हाईत? हवेत दमट हाय. वहिनींचा आवाज नाजूक. राव, ठेवून तर बघा, तांदूळ काय वाया जात न्हाई."

मी सुशिक्षित माणूस आहे. मी ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी डब्यात हात घातला तर पेन ड्राइव्ह तांदळात होता, विजयश्रीने ठेवलेला. ज्या बाईचा आवाज गेलाय तिने तांदळावर विश्वास ठेवला तर तिला कोण काय बोलणार?

तांदळाने फरक पडला नाही. मी स्टुडिओचा पत्ता शोधत राजगुरुनगरला गेलो, म्हटलं मूळ कॉपी मिळेल. तिथे आता मोमोज मिळतात. मोमोजवाल्याने, तुम्ही स्टुडिओवाल्याला विचारत येणारे सातवे, असं सांगून मला एक प्लेट खायला लावली.

मग मोठ्या स्पीकरवर लावून बघितलं, तर सोसायटीच्या चेअरमनची नोटीस आली. 'फ्लॅट नंबर अकरामधून वेगवेगळ्या वेळी यंत्राने काही कापल्यासारखा आवाज येत असून, अंतर्गत तोडफोड करावयाची असल्यास रीतसर परवानगी घ्यावी.' मी लेखी उत्तर दिलं की ही तोडफोड नसून मंगलाष्टका आहेत. त्यावर खुलासा आला, की धार्मिक कार्यक्रमासाठी वेगळा फॉर्म आहे.

शेवटी दिव्यानेच कॉम्प्युटरवर फाइल उघडून रोग सांगितला. "पप्पा, हिचा सॅम्पल रेट शहाण्णव हजार आहे. टीव्हीला अठ्ठेचाळीसच्या वरचं झेपत नाही. बदलून चव्वेचाळीस हजार शंभर करायला हवा."

म्हणजे काय, तर कॉम्प्युटर आवाज सलग ठेवत नाही. तो सेकंदाला अमुक हजार वेळा आवाजाचं माप घेतो आणि ती मापं ओळीने मांडून ठेवतो. हे ऐकून मला कॉम्प्युटरबद्दल आदर वाटला. आम्ही शंभर नगांमागे पाच तपासतो आणि चहाला जातो. हा सेकंदाला शहाण्णव हजार तपासतो आणि बोलत नाही.

मी एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं. त्यात 'रेट' असं लिहिलेल्या चौकटीत शहाण्णव खोडून चव्वेचाळीस लिहिलं आणि ऐटीत सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. सयाजीभाऊ न बोलावता आले. फाइल लावली. आतून एक पुरुष गायला लागला. पुरुषही असा, की तीन दिवस झोपलेला नाही आणि आवाज विहिरीतून येतोय.

"झो... ळी... तू... न..."

चार मिनिटांच्या मंगलाष्टका नऊ मिनिटांच्या झाल्या होत्या. मी फाइल बदललीच नव्हती, नुसतं लेबल बदललं होतं. मापं तेवढीच, पण कॉम्प्युटरला वाटलं सेकंदाला कमीच वाजवायची आहेत, म्हणून त्याने ती सावकाश वाजवली. आमच्या कंपनीत असं कोणी केलं असतं तर मी त्याला मेमो दिला असता.

सयाजीभाऊ भक्तिभावाने ऐकत होते. म्हणाले, "भटजी चांगला गावला की. कुठला हाय?"

विजयश्री हसायला लागली. खांदे हलत होते, डोळ्यांत पाणी आलं, सोफ्याला धरून वाकली. सगळे हसले. पण तिच्या हसण्याला आवाज नव्हता. ऑपरेशननंतर ती अशी मोकळी हसली ती पहिल्यांदाच, आणि तेव्हा मला कळलं की हसणंसुद्धा गेलंय. आधी ती हसली की सयाजीभाऊंच्या घरात कळायचं. मी घाईघाईने ते बंद केलं.

दुसऱ्या दिवशी बरोबर बटण सापडलं. 'रीसॅम्पल' म्हणून वेगळंच होतं. ते दाबलं, थांबलो, लावलं. आणि विजयश्री गायली. स्वच्छ. घरभर.

"झोळीतून उडी, दुडू दुडु पळे, शाळेस गेली कधी..."

दिव्या उठून आईच्या कुशीत शिरली. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो, कारण बापाला काहीतरी बघायचं असतं अशा वेळी. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं, आणि तिसऱ्यात, "आता ही निघते, घरात उरते" इथे, बरोबर 'उरते'वर, खर्र झालं. अर्धा सेकंद. शब्द अर्धाच ऐकू आला. पुढे परत स्वच्छ, "वेणी-फणी-आरसा", आणि शेवटपर्यंत एकदम ओके.

"छान झालं," विजयश्री म्हणाली. "तिसरं कडवं काढून टाका म्हणजे झालं."

"काढून? का?"

"चार पुरेत."

आता तुम्हीच सांगा, सव्वीस वर्षं डिफेक्ट पकडणाऱ्या माणसाला अर्धा सेकंद राहिलेली खरखर झोप लागू देईल का? मी परत सुरुवातीपासून केलं. अठ्ठेचाळीस हजार करून बघितलं, बत्तीस करून बघितलं, आठ हजार करून बघितलं तर ती कस्टमर केअरमधून बोलायला लागली. सतरा वेळा केलं. सतराही वेळा खर्र तिथल्या तिथे.

मग मी तो गुन्हा केला जो आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यातला माणूसच करू शकतो. मी व्हाय-व्हाय ॲनालिसिस केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कंपनीत काही बिघडलं की आम्ही पाच वेळा 'का' विचारतो आणि मूळ कारणापर्यंत जातो. मी कागद आखून फ्रिजवर लावला. खरखर का? फाइलमध्ये दोष. दोष का? रेट जुळत नाही. का जुळत नाही? रेकॉर्डिंग चढ्या रेटला. चढ्या रेटला का? स्टुडिओवाल्याचा निष्काळजीपणा. पाचव्या ओळीत मी लिहिलं, 'गायिकेने माइकपासून योग्य अंतर राखले नाही.'

संध्याकाळी कामावरून आलो तेव्हा कागद फ्रिजवर नव्हता.

"कागद कुठे गेला?"

आवाज गेल्यापासून ती भांडायचं झालं तर भांड्यांवर भांडते. त्या दिवशी कुकर, कढई, परात, तिन्ही वापरली. मग बाहेर आली, अगदी जवळ आली आणि म्हणाली, "अहो, ते कडवं काढा. मी सांगते ना. माझं आहे ते, मी म्हणते काढा."

"अगं पण तेच तर सगळ्यात चांगलं आहे! आणि डिफेक्ट दिसला म्हणून नग फेकून द्यायचा नसतो, दुरुस्त करायचा असतो."

तिने माझ्याकडे जे बघितलं ते मला त्या वेळी वाचता आलं नाही. मी आपला जिद्दीला पेटलेला.

आमच्या कंपनीत एक नॉइज रूम आहे. जाड दरवाजाची बंद खोली. तिथे गिअरबॉक्स फिरवून त्याचा आवाज ऐकतात, कुठला दात घासतोय ते कानाने आणि मशीनने शोधतात. तिथली इंजिनियर मिनल. पोरीचा कान असा की कँटीनचा एक्झॉस्ट फॅन ऐकून बेअरिंग कधी जाणार ते सांगते, आणि सांगितलेल्या दिवशी जातं. तिला दाखवायचं ठरवलं. पण कंपनीत पेन ड्राइव्ह न्यायला बंदी. गेटवर सिक्युरिटीच्या भिमाजीने माझ्या डब्याच्या पिशवीतून तो काढला. मी त्याला वीस वर्षं नमस्कार करतो.

"साहेब, तुम्हीसुद्धा?" तो दुखावल्यासारखा म्हणाला.

"भिमाजी, ह्यात कंपनीचं काही नाही. ह्यात माझी बायको आहे."

"तरी फॉर्म लागेल."

फॉर्म आला. मटेरियलचं वर्णन: मंगलाष्टका. नग: पाच. वजन: लागू नाही. स्थिती: चार चालू, एक दोषयुक्त. आत नेण्याचं कारण या रकान्यात मी 'दुरुस्ती' लिहिलं, तर आयटीवाले म्हणाले, दुरुस्ती असेल तर मेंटेनन्सची सही आणा. मेंटेनन्सवाला म्हणाला, आमच्या ॲसेट लिस्टमध्ये मंगलाष्टका नाहीत. एचआरने विचारलं, पर्सनल की ऑफिशियल? मी म्हणालो, लग्न आहे, याहून ऑफिशियल काय असणार. तीन दिवस गेले. लग्नाला पाच उरले. शेवटी प्लँट हेडच्या सहीने, 'परत जाणार' असा शिक्का मारून, माझी बायको कंपनीत आली.

मिनलने हेडफोन लावले. मी घड्याळ बघत उभा, ब्रेक संपायला सहा मिनिटं. पडद्यावर रेषा नाचत होत्या. तिने तिसरं कडवं एकदा ऐकलं. मग परत ऐकलं. मग अगदी सावकाश करून ऐकलं. नंतर हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि त्यांची वायर गुंडाळत बसली.

"काय निघालं?" मी विचारलं. "क्लिपिंग? आवाज कापला गेलाय? रेटचंच लफडं ना?"

"सर, फाइल ओके आहे."

"ओके कशी? ऐकलंस ना?"

"मशीनची खरखर एकसारखी असते, सर. परत परत येते. ही एकदाच आलीय. आणि हिच्या आधी श्वास घेतलाय, मोठा. नंतर नाक ओढलंय, ते तुम्हाला स्पीकरवर ऐकू येत नसेल. हे फाइलमध्ये झालेलं नाही. हे त्या खोलीत झालंय. काकू रडतायत."

मी हेडफोन लावले. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. मी विजयश्रीला रडताना पाहिलंय. ऐकलं कधीच नव्हतं. ती स्वयंपाकघरात नळ सोडून रडते. त्यामुळे तेरा दिवस, सतरा वेळा, माझ्या बायकोचा हुंदका माझ्या कानात पडत होता, आणि मी त्याला दोष म्हणून लाल पेनाने गोल करत होतो. मी त्याच्यावर माइकचं अंतर लिहून फ्रिजवर चिकटवलं होतं. तिच्याच फ्रिजवर.

मिनल म्हणाली, "आमच्याकडे बौद्ध लग्नात गाथा म्हणतात, मंगलाष्टका नसतात. पण सर, मी तुमच्या जागी असते ना, तर हे काढलं नसतं." ब्रेक संपल्याचा भोंगा झाला.

बसमध्ये कुरुळीपासून मोशीपर्यंत शेजारचा माणूस ओव्हरटाइमबद्दल काहीतरी सांगत होता, मी नुसता मान हलवत होतो. घरी आलो. विजयश्री रुखवताच्या रवा लाडवांवर बेदाणे लावत होती. मी चपला न काढताच तिच्यासमोर बसलो.

"मला सांगितलं का नाहीस?"

तिला लगेच कळलं. लाडू वळता वळता म्हणाली, "काय सांगायचं? तीनदा म्हटलं मी ते कडवं. तिन्हीदा तिथंच आलं. स्टुडिओवाला म्हणाला, काकू, पाणी प्या. मी म्हटलं, राहू दे, वेळ नाही."

"कशाने आलं? दिव्या जाणार म्हणून?"

"दिव्याचं काय, ती सांगवीहून वाकडला जाणार." तिने लाडू ताटात ठेवला. "मनात आलं, तिच्या लग्नात मी असेन, पण मला म्हणता येणार नाही. आता म्हणतेय ती वेळ खोटी, आणि खऱ्या वेळेला मी गप्प. तेवढंच." मग म्हणाली, "काढा ते. पोरीच्या मंगल कार्यात रडं नको."

मी तिचे रव्याचे हात धरले आणि माफी मागितली. सव्वीस वर्षांत मी एकाही सप्लायरची माफी मागितलेली नाही. मला ती नीट जमली नसणार, पण तिने हात सोडवले नाहीत.

कडवं मी काढलं नाही. तेवढं एकच मी तिचं ऐकलं नाही.

मोशीच्या कार्यालयात मुहूर्त दुपारी बारा सत्तेचाळीसचा. अंतरपाट धरला, दिव्या हार घेऊन उभी राहिली. मी साउंडवाल्याच्या टेबलाला टेकून, विजयश्री माझ्या शेजारी, नारायणपेठी नेसलेली, मुठीत अक्षता. आवाज सुरू झाला तसा मागच्या खुर्च्यांवरचा गलका थांबला. तिला ओळखणाऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण आवाज स्पीकरमधून येत होता आणि बाई समोर तोंड मिटून उभी होती.

मिटून नाही. मी बघितलं. तिचे ओठ हलत होते. शब्दाला शब्द, श्वासाला श्वास, एक मात्रा इकडे तिकडे नाही.

तिसरं कडवं आलं. साउंडवाल्या पोराने 'उरते'वर चमकून बटणाकडे हात नेला. "काका, फाइल खराब आहे."

मी त्याचा हात धरला. "नाही. तशीच आहे ती."

अंतरपाटापलीकडे दिव्याने मान वर केली आणि गर्दीत आईला शोधायला लागली. स्पीकरमध्ये तो शब्द अर्धाच आला आणि तुटला. इथे, माझ्या खांद्याशी, विजयश्रीने तो पुरा केला. गळ्यात नुसती हवा होती, सूर नव्हता, पण शब्द पुरा होता. दोनशे माणसांत तो कुणालाही ऐकू गेला नाही. मला गेला.